किलोवर घेतलेली ऊब

जॅकेट हातात घेतल्यावर जड लागलं की ते उबदार असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. यात थोडा दोष पुण्याच्या हवेचा. आमच्याकडे थंडी म्हणजे स्वेटर, शाल, फार तर एक जास्तीची सोलापुरी चादर. आणि लोकरीच्या, सुताच्या जगात जड ते गरम हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. डाऊनचा हिशोब उलटा असतो. तो मी शिकलो, पण दुसऱ्यांना थंडीत उभं करून शिकलो.

मी हिमालयात ट्रेकचे गट नेत असे. दरवेळी काठमांडूत भाड्याने जॅकेटं घ्यायची, परतताना मोजून द्यायची, चेन कुणी तोडली यावरून वाद घालायचा, या सगळ्याला कंटाळून ठरवलं, एकदाच विकत घेऊ आणि पुढे आपणच पुण्यात भाड्याने देऊ. मी व्यापारी घरातला नाही, ते पुढे दिसेलच.

थमेलमधल्या एका दुकानदाराने दोन प्रकार काढले. एक हलकं, चुरगळलेलं, छातीवर कसलंही नाव नसलेलं, आणि तरी दुप्पट किमतीचं. दुसरं फुगीर, वजनदार, एका नामांकित कंपनीचं भरतकाम मिरवणारं. मी दोन्ही हातांत दोन्ही तोलली. "इसमें माल ज़्यादा है, साहब," तो म्हणाला. खोटं बोलला नाही तो. माल जास्तच होता.

ते जाडं जॅकेट मी चिमटीत धरून दाबलं. आत काड्यांसारखं काहीतरी बोटांना टोचलं. इथे माझ्या बोटांनी मला सगळं सांगून टाकलं होतं, पण मी त्याचा अर्थ लावला तो असा : पिसं लागतायत, म्हणजे माल असली. नकली असता तर फायबर लागलं असतं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी सबंध गटाला पुरतील इतकी जॅकेटं उचलली आणि भावातही थोडं कमी करून घेतलं.

डाऊन म्हणजे पीस नव्हे. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवर, वरच्या पिसांखाली जी लव असते, ती डाऊन. तिला दांडा नसतो. मधल्या बारीकशा गाठीतून चारी दिशांना तंतू फुटलेले असतात, आणि त्यांत हवा अडकून राहते. ऊब देते ती ही हवा. पीस चपटं असतं, एकावर एक बसतं, हवा धरत नाही, वजन मात्र वाढवतं. चांगल्या मालातही थोडी पिसं राहतातच. ९०/१० असं लेबलवर लिहितात ते त्यासाठीच. पण जिथे बोट टेकवावं तिथे दांडा लागत असेल, तर प्रमाण उलटं असायची शक्यता जास्त.

गोरकशेप ५,१६४ मीटरवर आहे. तिथून कालापत्थरला पहाटे अंधारातच निघतात, एव्हरेस्टच्या मागून येणारा सूर्य बघायला. नोव्हेंबर होता, बोचरं वारं होतं. गटात बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, सगळे त्यांना ताई म्हणायचे. दर रविवारी सिंहगड चढून त्यांनी तयारी केली होती. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या. दम लागलेला नव्हता. "सर, पाठ गार पडलीय, हात चालत नाहीत," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर तिथे नुसते दोन कपडे, मध्ये काही नाही. भरलेला सगळा माल प्रत्येक कप्प्याच्या तळाशी जाऊन बसलेला. शेर्पा त्यांना घेऊन खाली गेला. आम्ही वर गेलो, सूर्य पाहिला, फोटो काढले.

माझ्या अंगावर त्या वेळी माझं स्वतःचं जुनं, चांगलं डाऊन जॅकेट होतं. ते काढून त्यांना द्यावं हे मला सुचलं, पण खाली येऊन चहाचा कप हातात आल्यावर.

पुण्यात परतल्यावर सगळ्यांना जॅकेटचं भाडं परत केलं. ताईंनी घेतलं नाही. "असू दे हो," म्हणाल्या. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग एक जॅकेट मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उसवलं, शेजारी बायकोचा वजनकाटा. पंखा बंद करायचं राहिलं. पुढचे कित्येक दिवस आमटीत काही ना काही सापडत होतं, आणि ते काय आहे हे विचारायचं घरात सगळ्यांनी बंद केलं. आत निघाली दांड्याची करडी पिसं, पिसांचा चुरा आणि चक्क फायबरचे गोळे. लव शोधावी लागली. हा चुऱ्याचा प्रकार इतका जुना आहे की चीनमध्ये आधीच्या मानकात असे सुटे तंतूही डाऊनमध्येच मोजले जायचे. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या मानकात लेबलवर फक्त अखंड लवेचं प्रमाण द्यावं लागतं. म्हणजे माझे भाऊबंद तिकडेही बरेच असावेत.

याच सुमारास वाचनात आलं की १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बलूनच्या कापडात आयडर बदकाची लव भरून कोट शिवून घेतला होता. लोकरीत गुंडाळलेले त्याचे सहकारी त्या फुगीर कोटाला हसले. त्याला थंडी वाजली नाही. गंमत अशी की हाच फिंच पुढे १९५२ ते १९५७ आमच्या पुण्यात, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. त्या फाटकासमोरून मी आयुष्यभर स्कूटरने गेलो आहे.

इतकं झाल्यावर माणूस शहाणा होतो असं म्हणतात. मी आकड्यांच्या नादी लागलो. फिल पॉवर ही तशी साधी गोष्ट आहे. ताजा पिंजलेला कापूस आणि जुन्या गादीत दबलेला कापूस सारख्याच वजनाचे घेतले, तरी जागा किती वेगळी व्यापतात! तसंच इथे एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाऊन नळकांड्यात घालून वर ठरावीक वजन ठेवतात आणि ते किती घनइंच जागा धरून राहतं ते मोजतात. साडेपाचशे म्हणजे चालू माल, सातशे चांगला, आठशेच्या पुढे उत्तम. मापण्याआधी डाऊनला वाफ देऊन फुलवून घेतात, तेव्हा लेबलवरचा आकडा हा त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा असतो. मी आता ८०० असल्याशिवाय जॅकेटला हात लावत नव्हतो. आत किती ग्रॅम भरलंय, हा प्रश्न मात्र मला पडलाच नाही.

लडाखमध्ये हिवाळ्यात तो पडला. माझ्या आठशेवाल्या जॅकेटात जेमतेम सत्तर ग्रॅम डाऊन होतं. सोबतच्या एकाचं साडेसहाशेचं होतं, पण आत दोनशे ग्रॅम. गुणाकार केला तर त्याचा फुगवटा माझ्या दुपटीहून जास्त भरतो, आणि हा गुणाकार मी कुडकुडत केला. त्यात माझं जॅकेट आरपार शिवलेलं. प्रत्येक शिवणीवर वरचं-खालचं कापड एकमेकांना चिकटतं, तिथे डाऊन नसतंच, आणि वारा नेमकी ती जागा शोधतो. चालताना वरून विंडचीटर घालायला ते उत्तम होतं. मी ते तंबूबाहेर उभं राहायला नेलं होतं. या वेळी निदान थंडी मलाच वाजली.

पुढच्या चुका घरगुती. चांगली जॅकेटं छोट्या पिशव्यांत कोंबून माळ्यावर टाकली आणि पावसाळा जाऊ दिला. ऑक्टोबरात काढली तर खुराड्याचा वास आणि चपाती झालेली लव. मग नेहमीच्या पावडरीत भिजवून, पिळून, दोरीवर टाकली. पावडरीने लवेवरचं नैसर्गिक तेल गेलं, आणि बाहेरून वाळलेली दिसत असूनही आत गोळे ओले राहिले. ड्रायरमध्ये टेनिसचे चेंडू टाकून ते सुटतात हे कळलं, तोवर उशीर झाला होता.

आता ओळखीतले लोक जॅकेट घेऊन येतात. मी मुठीत दाबून सोडतो, किती लवकर वर येतं ते बघतो, चिमटीत दांडे चाचपतो, उजेडासमोर धरून कप्पे पाहतो, वास घेतो. ग्रॅम विचारतो, ते बहुतेकांना ठाऊक नसतात. लव पांढरी की करडी, यावरून लोक फार वाद घालतात, त्याचा उबेशी संबंध नाही. हंसाची की बदकाची, हेही तितकंसं महत्त्वाचं नाही. चांगल्या बदकाची लव सुमार हंसाला मागे टाकते.

गेल्या डिसेंबरात सोसायटीतला एक मुलगा नवं कोरं जॅकेट घेऊन आला. लेबलवर नव्वद टक्के डाऊन, हातात दांडेच दांडे. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"कुठे निघालायस?" मी विचारलं.

"मनालीला, काका. हनिमूनला."

"मग चालेल," म्हटलं.