कागदावर नुसता भाव

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की लातूरच्या चौकाचौकांत रातोरात फ्लेक्स चढतात. सकाळच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान जाहिरातीनं भरलेलं असतं. रांगेनं पासपोर्ट फोटो, प्रत्येकाखाली गुण, आणि एका बाजूला हाताची घडी घालून उभे असलेले 'सर'. त्याच दिवसांत मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट, निलंगा इथून, अगदी सीमेपलीकडच्या भालकी-औरादहूनही, पालक लेकरांना घेऊन एस.टी.तून उतरतात. खोली, मेस आणि क्लास ही तीन कामं त्यांना एका फेरीत उरकायची असतात. खोली आणि मेस डोळ्यांनी बघता येते. क्लास कसा आहे हे मात्र बघता येत नाही, म्हणून ते फोटोवर आणि नावावर विसंबतात. नांदेडला श्यामनगर-भाग्यनगरात हेच चालतं.

मी जीवशास्त्र शिकवतो. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे, त्यामुळे 'बायोच्या सरां'च्या नावाला या दोन्ही शहरांत भाव आहे. ज्याचं नाव चालतं त्याला समोरचा क्लास जास्त पगारावर उचलतो, आणि सर गेले की निम्मी पोरंही त्यांच्या मागे जातात. मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या क्लासमध्ये पगारावर शिकवलं. बोर्डावर नाव मालकाचं असायचं आणि खडूनं माखलेले हात माझे. आपलं नाव व्हावं असं मला वाटलं, यात आजही मला काही वावगं वाटत नाही.

पुण्यात एका कार्यशाळेला गेलो होतो. तिथल्या वक्त्यानं सांगितलं की माणूस हाच ब्रँड असतो आणि लोक तुमचं काम विकत घेत नाहीत, तुमची प्रतिमा घेतात. ही कल्पना टॉम पीटर्स या अमेरिकन व्यवस्थापन लेखकानं १९९७ मध्ये 'फास्ट कंपनी' मासिकातल्या लेखातून गाजवली. तो लेख मी पुढे मुळातून वाचला. त्यात माणसानं आधी स्वतःला विचारायचं असतं की, मी असं कोणतं मोलाचं काम करतो जे मोजून दाखवता येईल? मी मात्र वक्त्याचं ऐकून आलो आणि सरळ डीटीपीच्या दुकानात गेलो.

तोवर मी लातुरात स्वतःचा छोटा क्लास सुरू केला होता. पहिला निकाल लागला, त्यात फ्लेक्सवर लावण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं. पण एक मुलगी ६०० च्या पुढे गेली होती. ती माझ्याकडे शेवटच्या महिन्यात फक्त टेस्ट सिरीजला होती. पेपर सोडवायची, उत्तरपत्रिका घेऊन जायची. मी तिला एकही धडा शिकवलेला नव्हता. तिच्या प्रवेश अर्जावरचा फोटो काढून मी दुकानातल्या पोराकडे दिला. त्यानं कॉम्प्युटरवरून मान न वळवता विचारलं, "सर, अ‍ॅप्रन घालू का? स्टेथोस्कोपसहित आहे माझ्याकडं." मी घाल म्हणालो. त्या तयार अ‍ॅप्रनच्या गळ्यावर त्यानं तिचा चेहरा बसवला, हनुवटीखालची कड माऊसनं घासून मऊ केली, आणि बाजूला माझा फोटो तिच्या दुप्पट आकारात लावला. खाली लिहिलं, 'आमची विद्यार्थिनी'. तिला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. नुसतं विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. विचारलं तर ती नको म्हणेल हे मला आतून माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नाही.

तेच चित्र पॅम्प्लेटवर छापलं. ते हातात धरून मुखेड तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन माझ्याकडे आले. पॅम्प्लेट त्यांनी टेबलावर सपाट केलं, फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, हे लेकरू तुमच्याकडं किती दिस होतं?"

मी म्हणालो, "आपलीच स्टुडंट आहे."

"तसं नाही. आमच्या आडत्याच्या पट्टीवर पोते किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, समदं लिहिलेलं असतंय. ह्या कागदावर नुसता भावच लिहिलाय."

ज्यांनी लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन-तूर घातली आहे त्यांना पट्टी ठाऊक असते. शेतकरी ती घरी नेऊन ओळीनं वाचतो, आकडे जुळले नाहीत तर दुसऱ्या दिवशी आडतीवर हजर होतो. माझ्या कागदाकडे त्यांनी त्याच नजरेनं बघितलं होतं. मला खरं सांगायला तेवढा एक प्रश्न पुरे होता. तरीही मी म्हणालो, "दोन वर्षं होती." त्यांनी मान डोलावली. निम्मी फी तिथंच मोजली, उरलेली सोयाबीन विकल्यावर देतो म्हणाले, आणि दिवाळीनंतर न मागता आणून दिली.

आपल्या खोटेपणाचं मला त्या वेळी फार काही वाटलं नाही, हे मला आज जास्त बोचतं. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगत होतो. आणि माझं लक्ष तेव्हा व्हिडिओंवर होतं. लेक्चर संपलं की मी मागच्या खोलीत दिवा लावून रेकॉर्डिंग करायचो. तिथं मी पुण्या-मुंबईकडचं वाटेल असं बोलायचो. वर्गातल्या पोरांशी ज्या भाषेत बोलतो ती कॅमेऱ्यासमोर मला गावंढळ वाटायची. 'कळंना गेलंय' म्हणणाऱ्या पोरांना शिकवूनच माझं पोट चालत होतं, आणि मी त्यांचीच बोली झाकून त्यांच्याचसाठी व्हिडिओ करत होतो. शिकवायला उपयोगी पडले असे त्यातले थोडेच. बाकी सगळे अभ्यास कसा करावा, झोप किती घ्यावी, मी कसा घडलो, अशा विषयांवर.

मुखेडची ती मुलगी संध्याकाळी वही घेऊन त्या खोलीच्या दाराशी थांबायची. आत रेकॉर्डिंग सुरू आहे हे कळायचं, म्हणून दार वाजवायची नाही. हॉस्टेलचं गेट रात्री ठरल्या वेळी बंद होतं, मुलींना त्याच्या आत पोचावं लागतं. माझं आटोपेपर्यंत ती निघून गेलेली असायची. तिची वही एकदा मी नंतर चाळली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रश्न लिहिले होते, नेफ्रॉनच्या धड्यावरच किती तरी. हेन्लेच्या वळशात पाणी एका बाजूनंच का बाहेर पडतं, दुसऱ्या बाजूनं का नाही? प्रश्न अगदी नेमका होता. उतरता भाग पाणी जाऊ देतो, चढता भाग जाऊ देत नाही पण क्षार बाहेर सोडतो, आणि मूत्र घट्ट होण्याचं सगळं गणित या फरकावर उभं आहे. फळ्यावर पाच-सात मिनिटांत सांगून झालं असतं. त्या प्रश्नापुढची जागा कोरीच होती.

तिला एमबीबीएस मिळालं नाही, ती बीएस्सी नर्सिंगला गेली. एका शिक्षकामुळे असं होत नाही, हे मला माहीत आहे. पण तिच्या वाटणीची संध्याकाळ मी माझ्या नावासाठी वापरली होती, आणि तिच्या बापानं त्या संध्याकाळचेच पैसे भरले होते.

फ्लेक्सवरच्या मुलीचा फोन मात्र त्याआधीच येऊन गेला होता. ती चिडलेली नव्हती, रडवेली होती. तिच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मॅडमनी तिला दोन वर्षं कॉलेज सुटल्यावर थांबून, एक पैसा न घेता बायो शिकवलं होतं. त्या मॅडम लातूरला आल्या आणि त्यांनी तो फ्लेक्स बघितला. "सर, त्या मला काहीच बोलल्या नाहीत. अभिनंदन केलं आणि गेल्या. मी त्यांना काय सांगू?" मी फ्लेक्स उतरवला. पॅम्प्लेटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता, तो उतरवणं माझ्या हातात नव्हतं. त्या मॅडमना पत्र लिहून खरं काय ते कळवायला हवं होतं. मी ते बरंच उशिरा केलं.

क्लास तिसऱ्या वर्षी बंद पडला. ज्यांना माझं नाव फ्लेक्सवरून कळलं होतं ती पोरं पुढच्या जूनला आणखी मोठ्या फ्लेक्सकडे गेली. मी नांदेडला नोकरी शोधायला गेलो.

तिथल्या एका क्लासच्या मालकांनी डेमो लेक्चर ठेवलं. ते स्वतः जुने शिक्षक, शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. मी द्विफलन घेतलं. स्लाइड सुंदर होत्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात माझं नाव होतं. लेक्चर संपल्यावर मालकांनी शेजारच्या मुलीला विचारलं, "एंडोस्पर्म ट्रिप्लॉइड का असतो गं?" तिनं व्याख्या म्हणून दाखवली. त्यांनी पुन्हा विचारलं, "का?" ती गप्प. मी '३एन' असं कितीदा तरी म्हटलं होतं, पण ते तीन आले कुठून हे एकदाही मोजून दाखवलं नव्हतं. ते उठले, खडू घेतला, फळ्यावर भ्रूणकोश काढला, मधे ध्रुवीय केंद्रकांचे दोन ठिपके दिले आणि बाहेरून येणाऱ्या नर युग्मकाचा तिसरा. मुलीच्या हातात खडू दिला आणि म्हणाले, "मोज." तिनं मोजलं आणि स्वतःच म्हणाली, "हां, म्हणून."

मला ते बाहेर म्हणाले, "विषय तुम्हाला येतो. पण पोरांकडं तुम्ही बघतच नाही." फॅकल्टी म्हणून त्यांनी मला घेतलं नाही. डाऊट काउंटरला बसणार का, असं विचारलं. पगार कमी होता. मी बसलो. तिथं बोर्ड नसतो, माइक नसतो, एका वेळी एकच पोरगं समोर असतं आणि त्याला कळलं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. वर्षाच्या शेवटी काही पोरांनी ऑफिसात जाऊन विचारलं की हे सर वर्गावर का येत नाहीत. मला बॅच मिळाली ती अशी.

त्या काउंटरवर बसल्यावर लातूरच्या नावाचा मी नव्यानं विचार केला. 'लातूर पॅटर्न' हे नाव कुठल्या जाहिरात कंपनीनं काढलेलं नाही. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झालं, डॉ. जनार्दन वाघमारे तिथले पहिले प्राचार्य. जादा तास, सतत चाचण्या, तपासलेला पेपर मुलासमोर ठेवून कुठं चुकलं ते दाखवणं, हे काम तिथं आणि शहरातल्या इतर कॉलेजांत वर्षानुवर्षं झालं. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं येत गेली आणि बाहेरच्या लोकांनी त्या कामाला नाव दिलं. वाघमारे पुढे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आम्ही आज दोन्ही शहरांत जे नाव विकतो ते त्या पिढीनं पेपर तपासत जागून काढलेल्या रात्रींचं आहे. त्या नावावर कसलाही फोटो चिकटवताना आम्हाला जपायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यायची. त्यानं कोणता कोर्स केला, किती काळ केला, फी भरून केला की नाही, हेही जाहिरातीत द्यायचं, आणि ते बारीक टायपात दडवायचं नाही. मी ते वाचलं आणि मुखेडला गेलो.

शेतकरी घरीच होते. मी त्यांना फोटोतल्या मुलीचं खरं सांगितलं, आणि त्यांच्या लेकीच्या संध्याकाळींचंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते तवाच सांगितलं असतं, तरी मी लेकरू तुमच्याकडंच ठिवलं असतं. मेस जवळ होती, अन् तुम्ही चांगलं बोलणारे वाटलात." फीचे पैसे मी पुढे केले. घेतले नाहीत. मुलगी आता संभाजीनगरला दवाखान्यात आहे, आयसीयूला ड्युटी असते, असं अभिमानानं सांगितलं आणि तिचा नंबर दिला. तिच्याशी मी फोनवर बोललो. माफी मागितली. ती म्हणाली, "सर, नेफ्रॉनचं मला कॉलेजात कळलं नंतर."

नांदेडच्या आमच्या क्लासनं या जूनमध्ये पॅम्प्लेट काढलं, तेव्हा मालकांना मी एक मागणं मागितलं आणि त्यांनी ते मान्य केलं. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो इथं कधी आला, कोणत्या बॅचला होता आणि त्याआधी कुणाकडे शिकला, हे लिहायचं. मूळ शिक्षकाचं नाव मूल सांगेल तसं, त्या शिक्षकाला विचारून. फोटो निम्म्यानं कमी झाले. काही पालक कागद बघून शेजारच्या क्लासकडे गेले, आणि आमच्या शिक्षकांपैकी दोघांना हे अजूनही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, आपण एकट्यानं खरं लिहिलं तर आपलीच बॅच रिकामी राहील. त्यांच्या घरी कर्जाचे हप्ते आहेत, त्यांची भीती खोटी नाही. पुढच्या वर्षीच्या कागदावर काय छापायचं यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.