कोट सरोजिनी नगरचा, वर्ग फ्रान्सचा

दिल्लीला गेलात तर सरोजिनी नगरचा बाजार चुकवू नका. फक्त सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी तो बंद असतो. निर्यातीच्या मालातून उरलेले किंवा किरकोळ दोषामुळे बाजूला काढलेले कपडे इथे ढिगाने मिळतात. थंडीत लोकरी कोट चाचपणाऱ्या गर्दीत परदेशी निघालेली मुलेमुलीही दिसतात. शिवण, चेन, अस्तर तपासायचे आणि मगच भाव करायचा, ही इथली रीत.

युरोपात इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीचीही अशीच पारख करावी. ‘नोकरी नक्की’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. युरोपीय संघाच्या नागरिकांना तिथे कामाचा परवाना लागत नाही, आपल्याला लागतो. म्हणून खासगी वर्ग बहुधा त्यांनाच घेतात. केंब्रिजचे ‘सेल्टा’ प्रमाणपत्र नावाजलेले खरे, पण त्याने व्हिसा मिळत नाही.

एक सरळ वाट मात्र या बाजारापासून जवळच, चाणक्यपुरीतल्या फ्रेंच दूतावासाकडून जाते. फ्रान्सच्या भाषा-साहाय्यक योजनेत भारतीय तरुणांनाही संधी असते. तिथल्या शाळेत आठवड्याला 12 तास, सुमारे 7 महिने मुलांकडून इंग्रजी बोलवून घ्यायचे. त्याचे मानधन मिळते. त्यासाठी फ्रेंच मात्र यायला हवे! मुंबई-पुण्यातही आलियाँस फ्रान्सेझमध्ये ते शिकता येते. एजंटाला द्यायचे पैसे त्या फीसाठी ठेवा. कोट काय, सरोजिनी नगरात स्वस्तात मिळेल.