सरड्याची ज़बान

दहावीनंतर आमच्या उर्दू माध्यमाच्या मुली सायन्सला घाबरतात. "टीचर, सगळं इंग्रजीत असतं." मग मी त्यांना 'कॅमेलियन' सांगते.

कॅल्शियम म्हणजे त्यांच्या लेखी दूध आणि हाडं. पण मेंदूतली पेशी संदेश पाठवते, तेव्हाही तिच्या आत कॅल्शियम शिरतं. ते दिसणार कसं? ओसामू शिमोमुरांनी जेलीफिशमधलं चमकणारं हिरवं प्रथिन शोधलं, ते १९६२ साली. त्याचे निळसर आणि पिवळसर असे दोन भाऊ तयार झाले. १९९७ मध्ये आत्सुशी मियावाकी, रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी या दोघांच्या मधे कॅल्शियम पकडणारं कॅल्मोड्युलिन आणि एक छोटी पट्टी जोडली. कॅल्शियम आलं की कॅल्मोड्युलिन पट्टीला मिठी मारतं, दोन्ही भाऊ जवळ येतात आणि पेशीचा उजेड निळ्याकडून पिवळ्याकडे झुकतो. तेही पेशी जिवंत असताना!

रंग बदलतो, पट्टी जिभेसारखी आत-बाहेर करतो, म्हणून सरड्याचं नाव. उर्दूत जीभ आणि भाषा, दोन्ही ज़बानच. मुली हसतात, आणि गोष्ट लक्षात राहते.

मेंदूवर संशोधन करणारी आयसर संस्था आपल्याच पुण्यात, पाषाणला आहे. इंग्रजी शब्द अकरावीत पाठ होतील. अर्थ तर मुलींना आजच कळलाय, स्वतःच्या ज़बानीत.