आत्याच्या नावापुढचा रकाना

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवताना 'आधार कुठे आहे?' हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारते की वर्गात त्याची नक्कल होते, हे मला ठाऊक आहे. संतचरित्रावरचा निबंध असो वा ग्रामीण कथेवरचा, तळटीप नसलेल्या विधानाखाली मी लाल रेघ ओढते. असे असूनही माझ्याच घराण्याची वंशावळ मी चौदा पानांवर छापून चुलतभावाच्या हाती दिली तेव्हा तीत एकही तळटीप नव्हती. गोष्ट २०२३ च्या दिवाळीनंतरची.

ते दिवस वाचकांना आठवत असतील. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. आधी मराठवाड्यापुरते असलेले तिचे काम पुढे राज्यभर गेले आणि गावोगावची जुनी दप्तरे झाडून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो पुरावा ज्या पूर्वजाच्या नावचा, त्याच्यापासून आपल्यापर्यंतची वंशावळ शपथेवर द्यावी लागते. भावाचा मुलगा बारावीत होता. "ताई, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे ना? मग काढून दे की," असे भाऊ म्हणाला, आणि मी काढून दिले. मनातून सुखावलेही. इतकी वर्षे ज्या उद्योगाला घरात 'ताईचं खूळ' म्हणत, त्याची अखेर कोणाला तरी गरज पडली होती.

हे खूळ २००९ पासूनचे. तेव्हा मॉर्मन चर्चने फुकट दिलेली 'पर्सनल अँसेस्ट्रल फाइल' नावाची संगणकप्रणाली मी वापरत असे. २०१३ मध्ये ती बंद झाली, तेव्हा मी 'ग्रॅम्प्स' या मुक्त प्रणालीकडे वळले. एका प्रणालीतून दुसरीत वंशावळ न्यायची तर 'गेडकॉम' नावाच्या फाइलीचा उपयोग करतात. हा साचाही त्याच चर्चने १९८४ मध्ये घडवलेला. या स्थलांतरात लोकांचे संदर्भ विस्कटतात अशी तक्रार नेहमी वाचायला मिळते. माझे काही विस्कटले नाही, कारण विस्कटण्यासारखे काही नव्हतेच. नावे होती, नाती होती, तारखा होत्या. कुठून आल्या, ते मला 'लक्षात' होते.

ग्रॅम्प्सने मात्र पहिल्यापासून माझ्यापुढे तीन रकाने धरले होते आणि मी ते तीनही रिकामे सोडून पुढे जात होते. पहिला 'रिपॉझिटरी', म्हणजे कागद जिथे ठेवला आहे ती जागा: तहसील कचेरी, शाळा, नाहीतर आत्याची लोखंडी पेटी. दुसरा 'सोर्स'. राजवाड्यांच्या खानदेशात याला 'साधन' याहून चांगला शब्द शोधायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. ज्या माणसाने १८९८ पासून खंडामागून खंड 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली, त्याच्या गावात माझे माहेर. तिसरा रकाना 'सायटेशन', म्हणजे दाखला. साधन म्हणजे अख्खे दप्तर. दाखला म्हणजे त्या दप्तराचे नेमके पान, नेमकी ओळ, ती कोणी व केव्हा पाहिली, आणि तिच्यावर आपण किती विसंबतो. एका साधनातून शंभर दाखले निघू शकतात. पण दाखल्यावाचून साधनाचे नुसते नाव लिहिणे म्हणजे 'ज्ञानेश्वरीत म्हटले आहे' असे लिहून मोकळे होणे. अध्याय नाही, ओवी नाही. हे मी वर्गात चालू देत नाही.

चूक कशी उघडकीला आली, ते सांगते. अहवाल दिल्यावर महिन्याभराने धाकट्या आजोबांच्या (आजोबांच्या सर्वांत लहान भावाच्या) शाळेच्या जनरल रजिस्टरातला उतारा भावाला मिळाला. त्यावर जन्मसाल १९२३ होते. माझ्याकडे ते रिकामे होते म्हणून मी भरले. मग सहज, प्रणालीत 'माहितीची पडताळणी' करणारे जे साधन असते ते चालवले. त्याने इतर बारीकसारीक तक्रारींच्या जोडीला एक ओळ दाखवली: या व्यक्तीच्या जन्माआधीच पित्याचा मृत्यू झालेला आहे. पाच वर्षे आधी.

पणजोबांचा मृत्यू मी १९१८ असा लिहिला होता. कुठून आणला होता? आठवायला दोन दिवस लागले. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या कोतवाल बुकातून. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही. ती मोडीत होती, म्हणून धुळ्याच्या एका मोडी जाणकारांकडून मी उतारा वाचून घेतला होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्या वहीची पाने भराभर भरलेली. तीत पणजोबांचे नाव, 'वलद' म्हणून त्यांच्या वडिलांचे नाव, वय अंदाजे तीस, जात कुणबी. दोन्ही नावे जुळली आणि मी नोंद उचलली. त्या वहीत आडनावे फारशी नसतात, आणि आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे एकाच भाऊबंदकीत एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन पुरुष सहज सापडतात, हे मला माहीत नव्हते असे नाही. माहीत असूनही मला ती नोंद हवी होती.

पुढे १९४१ चा वारसाचा फेरफार मिळाला. त्यात पणजोबांचा मृत्यू १९४० मध्ये झाल्याचे आणि त्यांच्या जमिनीला तीन मुलांची नावे लागल्याचे स्वच्छ लिहिले आहे. १९१८ साली वारलेला तो तरुण कोणी दुसराच. कोतवाल बुक खोटे बोलले नव्हते, मोडी वाचणाऱ्यांनी चुकीचे वाचले नव्हते. अस्सल कागद मी भलत्या माणसाच्या गळ्यात बांधला होता. पाठचिकित्सेत याला क्षेपक म्हणतात. तिथे क्षेपक घुसवणारा लेखनिक अनामिक असतो, एवढाच फरक.

भावाच्या सगळ्या कागदांचा डोलारा त्या एका नोंदीवर उभा होता.

याहून जास्त खुपली ती दुसरीच गोष्ट. धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या आत्याने हे मला आधीच सांगितले होते. तिचा जन्म १९३८ चा. २००९ मध्ये मी पहिल्यांदा वही घेऊन तिच्यापुढे बसले तेव्हा ती अहिराणीत म्हणाली होती, "मी पायनामा व्हतू, तवय आजला जित्ता व्हता." ती पाळण्यात होती तेव्हा तिचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, हयात होते. ते वाक्य माझ्या वहीत आहे. त्यापुढे मी पेन्सिलीने लिहिले आहे, 'ऐकीव.' पुढे कोतवाल बुकाचा कागद मिळाल्यावर ते वाक्य मी विचारातही घेतले नाही. लेखी ते खरे, तोंडी ते शंकास्पद, हा हिशोब माझ्या हातून आपोआप झाला. माझ्या पिढीच्या मराठीच्या प्राध्यापिकेने, तेही जळगावात राहून, असा हिशोब करावा याची मला अजून लाज वाटते.

जळगावात राहून, असे म्हणण्याला कारण आहे. आधारांत विरोध असला तर काय करायचे, याचा सराव म्हणून मी त्या दिवसांत एक वेगळी फाइल उघडली आणि तीत बहिणाबाई चौधरींची नोंद केली. असोद्याच्या या लेकीचा जन्म नागपंचमीचा, अशी परंपरा. मात्र जन्मतारीख म्हणून ११ ऑगस्ट १८८० आणि २४ ऑगस्ट १८८० अशा दोन तारखा फिरताना दिसतात. गणित करून पाहिले तर शके १८०२ चा श्रावण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागतो. म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी ११ तारखेच्या आसपास येते, आणि २४ तारखेला वद्य पक्ष चालू असतो. नागपंचमी खरी धरली तर २४ तारीख टिकत नाही. २४ तारीख धरली तर नागपंचमी सोडावी लागते. ग्रॅम्प्समध्ये अशा वेळी जन्माच्या दोन घटना नोंदवता येतात, प्रत्येकीला तिचा दाखला जोडता येतो, आणि त्यांतली एक मुख्य ठरवता येते. दुसरी पुसावी लागत नाही. (हिब्रू, इस्लामी, इराणी, इतकेच काय फ्रेंच राज्यक्रांतीचे कॅलेंडरही या प्रणालीत आहे, शक नाही. तिथी बापडी मजकूर म्हणून टंकावी लागते.)

त्या फाइलीत रमले असताना ध्यानात आले, की बहिणाबाईंचे सगळे काव्यच मुळात तोंडी साधन आहे. त्या गात गेल्या, सोपानदेवांनी व घरातल्यांनी टिपून ठेवले, आणि डिसेंबर १९५१ मध्ये त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक झाले. आपण ते अभ्यासक्रमाला लावतो. त्यांच्या नावापुढे 'ऐकीव' असे पेन्सिलीने कोणी लिहीत नाही.

ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक दाखल्याला विश्वासाची पायरी द्यावी लागते: अत्यल्प, अल्प, साधारण, अधिक, अत्यधिक. गेडकॉममध्ये शून्य ते तीन अशा चारच पायऱ्या आहेत, त्यामुळे फाइल दुसरीकडे नेताना पाचांचे चार होतात. पण मुख्य अडचण पायऱ्यांच्या संख्येची नाही. पायरी कागदाला द्यायची की कागदावरून मी केलेल्या विधानाला? अमेरिकन वंशशोधक एलिझाबेथ शोन मिल्स यांनी 'एव्हिडन्स एक्सप्लेन्ड' या २००७ च्या जाड ग्रंथात साधन, त्यातली माहिती आणि त्या माहितीवरून आपण उभा केलेला पुरावा या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. साधन अस्सल असू शकते, माहिती प्रत्यक्षदर्शी असू शकते, आणि तरीही माझा पुरावा कुचकामी ठरू शकतो. कोतवाल बुकाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

मग मी एक गाळणी लावली: ज्यांना एकही दाखला नाही अशा व्यक्ती. माझ्याकडच्या ३१२ व्यक्तींपैकी १९७ वर आल्या. त्या यादीवरून नजर फिरवताना तिचे रूप हळूहळू उमगत गेले. बहुतेक नावे बायकांची होती. कोतवाल बुकात मुलीच्या जन्माची नोंद असते ती बापाच्या नावावर, 'मुलगी' एवढीच. १९४१ च्या फेरफारात तीन मुलगे आहेत. पणजोबांना दोन मुली होत्या, त्यांचा मागमूस नाही, कारण तेव्हा त्या वारस नव्हत्या. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही बाप, मुलगा, नातू, पणतू. सुना आल्या तर सासरच्या नावाने. माहेरचे नाव, गाव, बापाचे नाव सगळे उंबऱ्याबाहेर. या बायकांपुरते साधन एकच, देवपुरातली आत्या. तिला 'अल्प' दिले की माझ्या वंशावळीतल्या निम्म्या बायका अल्प होतात.

भावाला सांगणे भाग होते. मी त्याला नवा अहवाल पाठवला. अहवाल काढताना 'साधने समाविष्ट करा' अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण केली की प्रत्येक विधानावर आकडा बसतो आणि शेवटी टिपा येतात. केली नाही तर तीच वंशावळ कथेसारखी सुरेख वाचता येते. पहिल्या वेळी मी खूण केली नव्हती. या वेळी चौदाची एकवीस पाने झाली. १९१८ ची नोंद वेगळ्या व्यक्तीच्या नावे टाकली होती आणि टिपेत लिहिले होते, 'नाव व पितृनाम समान. प्रस्तुत घराण्याशी संबंध सिद्ध नाही.'

त्याने वाचले. बराच वेळ फोनवर बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, ही टीप काढून टाकता येत नाही का? आपल्यातच राहील."

"अरे, वंशावळ शपथेवर द्यायची आहे ना तुला?"

"तूच दिली होतीस ना ती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. टीप मी काढली नाही. पहिले चौदा पानांचे बाड त्याने परत पाठवले; ते त्याने वापरले नव्हते, हे त्याचे मोठेपण. मुलगा त्या वर्षी खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेऊन पुण्याला गेला. पणजोबांच्या स्वतःच्या जन्माची नोंद आम्ही अजून शोधतो आहोत. तीही सोपी नाही. १९०६ पर्यंत सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळ्याला होते. मग पूर्व-पश्चिम झाले, आणि अमळनेर पूर्वेला, म्हणजे जळगावकडे गेले. 'स्थळ' या रकान्यात मी आता गावापुढे त्या त्या वर्षीचा जिल्हा लिहिते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघे बहीणभाऊ धुळ्याला आत्याकडे गेलो. भावाने मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावले. पाळण्याचे ते वाक्य मी तिला पुन्हा विचारले. "पाळण्यातलं तुला कसं आठवतं, आत्या?" हा प्रश्न सोळा वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता. ती हसली. तिला कुठले आठवणार. तिच्या आईने सांगितलेले. पणजोबा पाळण्याची दोरी ओढत ओट्यावर बसत आणि आई आत भाकरी थापत असे, हे आईच्या तोंडून तिने कितीदा तरी ऐकलेले.

म्हणजे साक्ष आत्याची नव्हती, माझ्या आजीची होती. आणि आजीच्या नावापुढे माझ्याकडे फक्त सासरचे नाव होते. मी आत्याला आजीचे माहेरचे नाव विचारले. तिने ते सांगितले, बापाचे नाव सांगितले, शिरपूरकडचे गाव सांगितले, आणि लग्नानंतर ते नाव कोणी घेतले नाही हेही सांगितले.

रात्री जळगावला परतल्यावर दाखला भरला. जागा: आत्याचे घर, देवपूर, धुळे. साधन: आत्याचे निवेदन, ध्वनिमुद्रित, अहिराणी. पान या रकान्यात मिनिट आणि सेकंद. टिपेत: 'स्वतः पाहिलेले नाही, आईकडून अनेकदा ऐकलेले. १९४१ च्या फेरफाराशी जुळते.' विश्वासाच्या पायरीशी थोडी थांबले आणि 'अधिक' निवडले. मग आजीचे माहेरचे नाव टंकले. त्याला दाखला हा एकच. तिथेही 'अधिक'च निवडले.