कातळावरचा संसार

सुपीक जमीन म्हणजे काळी, भुसभुशीत, खतावलेली, अशी आपणा सर्वांची समजूत असते. आणि ज्वारीपुरती ती खरीही आहे. ही समजूत बरोबर घेऊन कासच्या पठारावर जाणाऱ्याची मात्र फजिती होते. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. पायाखाली जांभा दगड. त्यावर माती कोठे बोटभर, कोठे तीही नाही. वैशाखात पाहिले तर येथे गवताची काडी तरी कशी तगावी असे वाटते, आणि भाद्रपदात तेथेच पाऊल टाकावयास जागा नाही इतकी फुले!

हा जांभा कसा झाला, तेही ऐकण्यासारखे आहे. सह्याद्रीचा मूळ दगड काळा बेसाल्ट. युगानुयुगे त्यावर पाऊस कोसळत राहिला. विरघळण्यासारखे जे जे होते ते वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे तेवढी प्रामुख्याने मागे राहिली. तोच हा तांबडा, सच्छिद्र कातळ. ज्या पावसाने घर लुटले, त्याच पावसाच्या जिवावर घरातला संसार चालावा, असा हा प्रकार आहे.

अशा दरिद्री घरात वनस्पतींनी काढलेल्या युक्त्या पाहून आम्ही थक्क झालो. ‘सीतेची आसवे’ हे नाव किती हळुवार! परंतु ही निळीजांभळी, नाजूक वनस्पती चक्क मांसाहारी आहे. ओल्या मातीत दडलेल्या तिच्या तंतूंवर इवल्याशा पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जलजीव पिशवीच्या तोंडावरील केसांस लागला की झडप उघडते आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. कातळ जो नायट्रोजन देत नाही, तो ती असा मिळविते. शेजारीच दवबिंदू आपल्या चिकट केसांवर चिलटे धरून बसलेली असते. यांच्यावर दया येऊन कोणी येथे खत पसरले, तर फोफावेल ते गवत, आणि त्याच्या सावलीत या दोघी गुदमरतील. दारिद्र्य हेच त्यांचे कुंपण.

खरे कुंपणही येथे आले होते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कास आहे. गर्दी लोटली, आणि फुले तुडविली जाऊ नयेत म्हणून तारा ताणण्यात आल्या. हेतू चांगलाच होता. फुलांत लोळून छायाचित्रे काढवून घेणारी सुशिक्षित मंडळी आम्ही स्वतः पाहिली आहेत. परंतु तारांनी माणसांबरोबर गुरेही अडतात. एका वृद्ध गुराख्यास आम्ही विचारले, “बाबा, गुरे फुले खात नाहीत का?”

“खात्यात की,” तो म्हणाला, “पर आदी गवात खात्यात.”

आम्हांस हे उत्तर फार मोलाचे वाटते. गवत खुंटले तर जमिनीलगतच्या रोपांस ऊन पोहोचते. गुरे फार झाली तर शेण साचेल, खूर रुततील, हेही खरेच. म्हणून किती गुरे, कोणत्या महिन्यांत, हे मोजूनमापून ठरवावे लागेल. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चरणाऱ्या गुरांस पठाराबाहेरचे समजणे आम्हांस पटत नाही. पाऊस जसा येथला, तशी तीही येथलीच.

म्हातारा काही वेळ गप्प होता. मग रस्त्याकडेच्या मोटारींच्या रांगेकडे काठी करून त्याने विचारले, “आन्‌ ह्यांस्नी कोन मोजतंय?”