गावाचे शहर होताना

मित्रांनो, घोडा आणि माकड एकाच पाटीवर तुम्ही कधी पाहिले आहेत का? मी पाहिले होते!

1986 साली आम्ही मुंबईच्या एका चाळीतून मीरा रोडला राहायला आलो. मी तेव्हा उर्दू शाळेत पाचवीत होतो. एकदा अब्बांबरोबर काशीमीऱ्याच्या नाक्यावर उभा असताना मला 'घोडबंदर' अशी पाटी दिसली. मी विचारले, "अब्बा, तिथे घोडे आणि माकडे राहतात का?" शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ खळखळून हसले. ते म्हणाले, "पोरा, तुमच्या बोलीत बंदर म्हणजे माकड. आमच्यात बंदर म्हणजे गलबते लागतात ती जागा. पूर्वी तिथे घोडे उतरत, असे म्हणतात. म्हणून ते घोडबंदर!" तिथला किल्ला 1737 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला, हे मी पुढे पुस्तकात वाचले. पण माझी मराठीची पहिली शिकवणी त्या नाक्यावरच झाली.

ते गृहस्थ मिठागरात काम करत. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. त्यांनी मला भाईंदरची मिठागरे दाखवली. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आगरात घेतात. उन्हाने पाणी आटते आणि तळाशी मीठ उरते. ते ओढून त्याचे ढीग करतात. पांढरे शुभ्र ढीग उन्हात असे चमकत, की डोळे दिपून जात. पावसाळा आला की हे काम थांबे.

त्या काळात आमच्या भागात इमारती भराभर उभ्या राहत होत्या. 1985 मध्ये इथे नगरपरिषद स्थापन झाली होती आणि 2002 मध्ये तिची महानगरपालिका झाली. 2001 साली शहराची लोकसंख्या सुमारे 5 लाख 20 हजार होती. 2011 साली ती 8 लाखांच्या पुढे गेली. एवढी माणसे का आली? मुंबईत घर घेणे परवडत नव्हते आणि इथून लोकलने कामावर जाता येत होते. पण घरे आधी आली. पाणी आणि रस्ते मागून आले. अम्मी हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची. अब्बा पहाटे निघायचे आणि आम्ही झोपल्यावर परतायचे. विरारहून येणारी गाडी इतकी भरलेली असे, की मीरा रोडला आत पाय ठेवणे कठीण! आम्हांला अब्बा भेटायचे ते रविवारीच.

26 जुलै 2005 चा दिवस मी कधीच विसरणार नाही. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद झाल्या. अब्बा अंधेरीला अडकले. रात्रभर अम्मी दाराशी बसून होती. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाणी शिरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बा चालत घरी आले. त्यांचे पाय सुजले होते. ते म्हणाले, "वाटेत अनोळखी लोकांनी चहा दिला, बिस्किटे दिली. कोणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही."

पाणी ओसरल्यावर काका आम्हांला भेटायला आले. भिंतीवरची ओल पाहून ते हळूच म्हणाले, "इथे पूर्वी खाजण होते. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही." मी गप्प राहिलो. ज्या घराने आम्हांला आसरा दिला, ते घर पाण्याची जागा भरूनच उभे राहिले होते. काकांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते मला अधिकच लागले.

मित्रांनो, शहर वाढू नये असे मी कसे म्हणू? ते वाढले म्हणून तर आम्हांला घर मिळाले. 2019 मध्ये मेट्रो मार्ग 9 चे काम सुरू झाले. मे 2025 मध्ये दहिसर ते काशीगाव अशी चाचणी गाडी धावली. अब्बा आता थकले आहेत. ते मला म्हणाले, "ही गाडी तेव्हा असती, तर मी तुम्हांला जागेपणी पाहिले असते."

रस्ते हवेत, पूल हवेत, मेट्रोही हवी. पण उरलेली मिठागरे, खाडी आणि तिवरांची झाडेही हवीत. तुम्हीही आपल्या वस्तीतल्या एखाद्या वृद्ध माणसाला विचारा, "आजोबा, इथे पूर्वी काय होते?" मग शांतपणे ऐका. तुमच्या पायाखालची जमीन तुम्हांला नव्याने कळेल.