सोबत्याची तयारी

कुत्रा हा मनुष्याचा फार जुना सोबती. शेतीची कला हाती येण्यापूर्वीपासून तो मनुष्याच्या मागून चालत आला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा परिसरात त्याची कामगिरी आजही दिसते. जंगलाकाठच्या शेतात रानडुकरांची चाहूल प्रथम त्यालाच लागते. बिबट्या गावाजवळ आला, तर घालाही बहुधा त्याच्यावरच पडतो. असे असूनही त्याला काही शिकवावे, हे फार थोड्यांच्या मनात येते. त्याच्या वाट्याला भाकरीचा तुकडा येतो, तसाच दगडही येतो.

1978 साली लंडनमधील क्रफ्ट्स या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनात चपळाईचा एक नवा खेळ दाखवण्यात आला. घोड्यांच्या अडथळ्यांवरील उड्यांवरून तो सुचला होता. आज या खेळात कुत्रा आडव्या दांड्यांवरून उडी मारतो, बोगद्यातून आरपार जातो, हलत्या फळीवर तोल सांभाळतो आणि ओळीने उभ्या केलेल्या काठ्यांमधून नागमोडी धावतो. त्याच्या गळ्यात साखळी नसते. मालकाने त्याला स्पर्शही करावयाचा नसतो. शब्दाने आणि हाताच्या खुणेनेच वाट दाखवावयाची असते.

स्पर्धेपूर्वी मालक अडथळ्यांचा मार्ग एकटाच चालून पाहतो. कुत्र्याला ती संधी नसते, आणि मांडणी तर दर वेळी निराळी! पुढे काय आहे हे ठाऊक नसताना तो धावतो, ते केवळ विश्वासावर. मालकाचा हात भलत्या दिशेला वळला, तर कुत्राही तिकडेच वळतो. मग दोष कोणाचा?

म्हणून तयारीचा आरंभ माणसापासून होतो. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ एवढे तीन शब्द प्रथम पुरेत; पण घरातील सर्वांनी तेच शब्द वापरावेत. आज्ञा पाळताच शाबासकी द्यावी. उशिरा दिलेल्या शाबासकीचे कारण कुत्र्याला उमगत नाही. धडा थोडा वेळच चालावा. पशुवैद्याकडून त्याची प्रकृती तपासून घ्यावी, पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी आणि हाडे पक्की होईपर्यंत, निदान पहिल्या वर्षात तरी, त्याला उंच उड्या मारू देऊ नयेत. चंद्रपूरकडील उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर चढतो. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामेजत नाही. धापा टाकूनच तो शरीर निववतो. तेव्हा सराव सकाळी लवकर करावा. जमिनीवर आपला तळहात टेकून पाहावा. आपल्याला सोसत नाही, ते त्याच्या पंजांना कसे सोसावे?

साहित्यासाठी फार खर्च नको. आधारावर नुसता ठेवलेला, धक्का लागताच खाली पडणारा हलका बांबू उडीसाठी चालतो. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर गोणपाट घातले की बोगदा होतो. त्या अंधाऱ्या तोंडाशी कुत्रा बिचकून थांबला, तर त्याला आत ढकलण्याचा मोह होतो. ढकललेला कुत्रा एकदा आत जाईल. पण दुसऱ्या दिवशी बोगदा दिसताच शेपूट घालून दूर पळेल. त्याऐवजी बोगदा आखूड करावा, पलीकडच्या तोंडाशी बसून प्रेमाने हाक मारावी आणि वाट पाहावी. आज नाही आला, तर उद्या येईल. तो स्वतःहून आला, तर ते धैर्य त्याचे स्वतःचे असते.

विश्वासाचे हे बळ याच मुलखाने पाहिले आहे. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात वाढलेल्या डॉ. प्रकाश आमटे यांनी हेमलकसा येथे बिबट्या, अस्वल अशा वन्य प्राण्यांची अनाथ पिल्ले मायेने वाढवली. रानातील जनावर जेथे मायेला ओळखते, तेथे दारातील कुत्र्याचे काय सांगावे!

सर्वच कुत्री स्पर्धा जिंकणार नाहीत, आणि त्यांना पदकाचे अप्रूपही नाही. परंतु जो मुलगा आपल्या कुत्र्याला शिकवण्यासाठी आवाज मृदू ठेवतो, राग आवरतो आणि दिलेली खूण बदलत नाही, तो स्वतःच पुष्कळ काही शिकून जातो. मुक्या सोबत्याने टाकलेल्या विश्वासास पात्र होणे, हीच त्याची खरी परीक्षा होय.